ध्वनिशास्त्र घरबसल्या शिकायचंय: जालावर कुठून सुरुवात करावी?

वैदेही_मेलबर्न

नमस्कार मंडळी,

इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. मुलं सात ते बारा वयाची आहेत. घरी आईबाबा मराठी बोलतात, मुलांना समजतंही सगळं. पण 'शाळा'ची 'शाला' होते, 'ताट' म्हणताना दोन्ही अक्षरं एकसारखीच येतात, आणि 'चूल', 'चोर' यांतला च थेट इंग्रजी 'चेअर'मधला. मी "माझ्यासारखं म्हण" यापलीकडे काही सांगू शकत नाही. जीभ नेमकी कुठे लागते, हवा कुठून जाते, मुलाच्या कानाला दोन ध्वनी एकच का वाटतात, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेतलं. भाषाविज्ञानाशी कधी संबंध आला नाही. इंग्रजीतून वाचायला अडचण नाही. जालावर शोधलं की ढिगाने व्हिडिओ येतात, पण आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. शिवाय सगळी उदाहरणं इंग्रजीची. मराठी ध्वनींबद्दल शिकायचं तर कुठे जाऊ? फुकट असेल तर उत्तम.

वर्त्स्य

वैदेहीताई, मी पुण्यात भाषाविज्ञानात एम. ए. केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन विषय वेगळे करा. ध्वनिशास्त्र म्हणजे ध्वनी तोंडात कसा तयार होतो, हवेतून कसा जातो आणि कानाला कसा ऐकू येतो त्याचा अभ्यास. स्वनिमशास्त्र म्हणजे एखादी भाषा त्या ध्वनींतले कुठले फरक अर्थासाठी वापरते आणि ते ध्वनी एकमेकांशेजारी आले की कसे बदलतात त्याचा अभ्यास. तुमच्या शाळेतला प्रश्न दोन्हींच्या सीमेवरचा आहे. मूल इंग्रजीतला 't' म्हणतं तेव्हा जीभ दातांमागच्या हिरडीला लागते. आपला त दातांना लागतो आणि ट हिरडीच्याही मागे, टाळूच्या बाजूला. इंग्रजी ध्वनी या दोहोंच्या मधे बसतो, म्हणून त्या मुलाच्या मनात दोन्हींसाठी एकच कप्पा असतो. उच्चार दुरुस्त करायच्या आधी तो कप्पा दुभागायला हवा.

सुरुवात आयपीएच्या, म्हणजे दर ध्वनीला एक चिन्ह देणाऱ्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या, तक्त्यापासून करा. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना 1886 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि तिचा तक्ता आजही जगभर वापरतात. जालावर याच्या आवाजासह आवृत्त्या आहेत, पण माझा आग्रह 'सीइंग स्पीच' या संकेतस्थळाचा आहे. ग्लासगो आणि स्कॉटलंडमधल्या इतर विद्यापीठांनी मिळून ते केलं आहे. तक्त्यातल्या चिन्हावर टिचकी मारली की एमआरआय आणि अल्ट्रासाउंडमध्ये बोलणाऱ्याची जीभ हलताना दिसते. ळ चं चिन्ह म्हणजे खालून उजवीकडे शेपूट वळलेला l. तो उघडा आणि आवाज बंद करून नुसती जीभ बघा. मग शेजारच्या साध्या l ची बघा. वर्गात मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

वाचायला कॅथरीन अँडरसन यांचं 'इसेन्शियल्स ऑफ लिंग्विस्टिक्स' घ्या. हे खुलं पाठ्यपुस्तक आहे, ब्राउझरमध्येच वाचता येतं, व्हिडिओ आणि सरावप्रश्न सोबत आहेत. उदाहरणं बरीचशी इंग्रजी, पण संकल्पना स्वच्छ मांडल्या आहेत. त्यानंतर एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर भाषाविज्ञानाच्या परिचयाचा आणि स्वनिमशास्त्राचा असे दोन अभ्यासक्रम आहेत, टिपणं आणि गृहपाठासकट. जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाच्या युर्गेन हांडके यांची 'व्हर्च्युअल लिंग्विस्टिक्स कॅम्पस' ही व्हिडिओमालिका छोट्या छोट्या भागांत आहे, ऐकायला सोपी. तिन्ही एकदम उघडू नका. एक पुस्तक आणि एक तक्ता एवढं पुरतं.

पिवळीहळद

वाचनखूण साठवली. मी नेटच्या (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता) परीक्षेसाठी भाषाविज्ञान हा विषय घेतला आहे. एनपीटीईएलचे (आयआयटींची मोफत व्याख्यानं) भाषाविज्ञानावरचे जुने व्हिडिओ यूट्यूबवर आहेत आणि 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावरही अधूनमधून अभ्यासक्रम सुरू होतात. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनी तिथे लक्ष ठेवावं.

वेदपाठी

सगळं वाचतो आहे. एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्याकडे हा विषय वेदांगांत पहिला मानला आहे. शिक्षा आणि प्रातिशाख्यं या वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत स्थान (जीभ कुठे लागते) आणि प्रयत्न (ती कशी लागते) यांचं जे विवेचन आहे ते वाचल्याशिवाय परदेशी तक्त्याकडे का धावायचं? आपली वर्णमालाच कंठापासून ओठांपर्यंत लावलेली आहे. "इचुयशानां तालु" एवढ्या सूत्रवजा वाक्यात इ, चवर्ग, य आणि श यांचं स्थान सांगून होतं. मुलांना क, च, ट, त, प म्हणायला लावा, जीभ मागून पुढे येताना त्यांना स्वतःला कळेल. ळ तर ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात आहे, "अग्निमीळे". दोन स्वरांमध्ये आलेल्या ड चा ळ होतो हे ऋक्प्रातिशाख्यात नोंदलेलं आहे. अथर्ववेदाचं प्रातिशाख्य व्हिटनी यांनी 1862 मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापलं, ते आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मिळतं. मूळ संस्कृत ग्रंथ ग्योटिंगेनच्या 'ग्रेटिल' संग्रहात आहेत.

वर्त्स्य

वेदपाठी, क-च-ट-त-प चा खेळ अगदी योग्य आहे, मी तो स्वतः वर्गात वापरतो. आधुनिक ध्वनिशास्त्राने युरोपात जी झेप घेतली तीही संस्कृत व्याकरणकारांची ओळख झाल्यानंतरच. पण ते ग्रंथ संस्कृतच्या उच्चारांबद्दल आहेत. त्यांत च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हटलेला, आणि ते संस्कृतपुरतं बरोबर आहे. आपल्या 'चूल'मधला च मात्र तालव्य नाही. त्यासाठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जातं, 'त्स' सारखं. 'म्हैस', 'न्हाणी', 'कोल्हा' यांतले श्वासयुक्त म, न, ल हेही मराठीचं आपलं धन आहे. याचं वर्णन करायला मराठी माणसाच्या तोंडचा आवाजच तपासायला हवा. मराठीत वाचायचं तर ना. गो. कालेलकरांचं 'ध्वनिविचार' वाचनालयात शोधा. जुनं आहे, पण मांडणी आजही उपयोगी पडते.

वेदपाठी

मान्य. 'चूल' आणि 'चंद्र' यांतला फरक कानाला रोज जाणवतो, वर्णमालेत मात्र दोघांना एकच अक्षर.

ध्वनिलेख

इथे मला बोलायलाच हवं. वैदेहीताई, व्हिडिओ बघून जे शिकाल त्याच्या कितीतरी पट तुम्ही स्वतःचा आवाज तपासून शिकाल. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं 'प्रात' हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. जगभरच्या प्रयोगशाळा तेच वापरतात. दिसायला जुनाट आहे, दोन खिडक्या एकदम उघडतात आणि सुरुवातीला गोंधळ होतो. तरी चिकाटी धरा.

पहिला प्रयोग असा करा. शांत खोलीत, 44,100 हर्ट्झच्या नमुनादरावर, वॅव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणारी) दोन शब्द म्हणा: 'चार' (तीन-चार मधला) आणि 'चारा' (गुरांचा). फाइल प्रातमध्ये उघडा, 'व्ह्यू अँड एडिट' करा. वर लाटा दिसतील, खाली करड्या रंगाचा वर्णपट (कुठल्या क्षणी किती उंच कंप आहेत त्याचं चित्र). तो मुळात 5,000 हर्ट्झपर्यंतच दिसतो, स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 10,000 करा, नाहीतर खरी गंमत पडद्याबाहेर राहते. आता दोन्ही च कडे बघा. आधी क्षणभर शांतता, मग एक उभी रेघ (जीभ सुटते ती), आणि लगेच घर्षणाचा काळा पट्टा. 'चार'मध्ये तो पट्टा बराच खाली, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, श सारखा. 'चारा'मध्ये काळेपणा वर सरकतो, स सारखा, खालचा भाग जवळपास रिकामा. जे कानाने आयुष्यभर ओळखत आलो ते डोळ्यांना दिसतं. ज्यांना आकड्यांची सवय आहे त्यांना हा विषय इथेच धरून ठेवतो.

एक सूचना. व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज यासाठी वापरू नका. तो दाबलेला असतो आणि वरच्या हर्ट्झमधली माहिती त्यात उरत नाही, म्हणजे नेमका च चा फरकच कापला जातो. फोनवर वॅव्ह ध्वनिमुद्रण करणारं ॲप घ्या आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

दुसरा प्रयोग: 'पार', 'फार', 'बार', 'भार'. ओठ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावायला लागेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. या मोजमापावरचा गाजलेला अभ्यास लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अकरा भाषा घेतल्या होत्या आणि त्यांत मराठीही होती! त्यांना आढळलं की हा काळ मोजून प, फ आणि ब वेगळे काढता येतात, पण ब आणि भ वेगळे निघत नाहीत, कारण दोन्हींत कंप ओठ सुटायच्या आधीच सुरू झालेला असतो. भ चं वेगळेपण नंतर येतं, स्वराच्या सुरुवातीच्या श्वासमिश्रित भागात. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर असे जुने शोधनिबंध मोफत आहेत. (तुमचा 'फार' ओठ-दात लावून येत असेल तर या मोजणीत तो धरू नका, आजकाल बऱ्याच जणांचा तसाच येतो.)

वैदेही_मेलबर्न

ध्वनिलेख, 'चार' आणि 'चारा' करून बघितलं. खरोखर दिसतं! मुलीने 'चारा' म्हटला आणि तिचा पट्टा माझ्या 'चार'सारखा खालपर्यंत आला. आता तिला कारण सांगता येईल.

पण मग च ('चार'मधला) आणि च़ ('चारा'मधला) हे मराठीत एक की दोन? लिहिताना तर एकच अक्षर.

कोडेवाला

हाच तर स्वनिमशास्त्राचा प्रश्न, आणि तो सोडवायला मराठीइतकी सुंदर सामग्री हाताशी असताना लोक इंग्रजीचीच उदाहरणं घोकतात, याचं मला वाईट वाटतं. हे शब्द मोठ्याने म्हणा:

माझा, माझी, माझे, माझ्या, माझं.

'माझा' आणि 'माझं' मध्ये झ दातांजवळचा. 'माझी', 'माझे', 'माझ्या' मध्ये तालव्य. म्हणजे पुढे इ, ए किंवा य आला की दातांजवळचा झ मागे सरकून तालव्य होतो. 'चमचा'–'चमचे' तसंच. इथपर्यंत वाटतं की दोन्ही एकाच स्वनिमाची (भाषा अर्थासाठी वेगळा धरते त्या ध्वनीची) रूपं, शेजार बघून बदलणारी. पण मग 'जग' घ्या. "सारं जग" मधला तालव्य, "सुखाने जग" मधला दातांजवळचा. पुढे दोन्हीकडे अ च आहे, तरी अर्थ बदलतो. म्हणजे अ, आ, उ, ओ यांच्या आधी हे दोन वेगळे स्वनिम आहेत आणि इ, ए, य यांच्या आधी तो फरक पुसला जातो. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द तालव्य च-ज घेऊन आले, त्यामुळे ही जोडी मराठीत पक्की झाली.

आता पुढची पायरी, ही मला फार आवडते. शाळेत शुद्धलेखनाचा नियम पाठ केला असेल: ससा–सशाला, घसा–घशाला. आणि त्याच्याच शेजारचा: दरवाजा–दरवाजाला, मोजा–मोजाला, इथे 'ज्या' लिहू नये. दोन नियम वेगळे वाटतात. पण घोडा–घोड्याला बघितलं की कळतं, सामान्यरूपात मुळात 'या' लागतो. तो य स ला भेटला की दोघांचा मिळून श होतो. दातांजवळच्या ज ला भेटला की तालव्य ज होतो आणि य त्यातच विरतो. 'दरवाजा' आणि 'दरवाजाला' हळू म्हणून बघा, ज बदलतो का ते ऐका. लिपीत दोन्हींना एकच अक्षर म्हणून बदल दिसत नाही, आणि विद्यार्थ्याला वाटतं हा अपवाद आहे. नियम एकच. पण मग 'मासे', 'पैसे' मधला स तसाच का राहतो? ए मुळे ज बदलतो, स का बदलत नाही? यावर विचार करा, मी उत्तर देत नाही.

अशा कोड्यांसाठी आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाडची जुन्या प्रश्नपत्रिकांची पेटी उघडा. ही स्पर्धा शालेय मुलांसाठी 2003 पासून होते, 2016 ची आपल्याकडे म्हैसूरला झाली. सगळे प्रश्न उत्तरांसह मोफत. भारतातली निवड पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाडमधून होते. पूर्वज्ञान लागत नाही, कागद-पेन्सिल आणि धीर पुरतो. पाठ्यपुस्तकाचं प्रत्येक प्रकरण झालं की एक ध्वनीवरचं कोडं सोडवा.

सह्यकडा

+१, दरवाजाचा नियम इतकी वर्षं पाठ होता, कारण आज कळलं.

मालवणीमाणूस

बोलींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. "प्रमाण उच्चार" शिकवताना मुलांना आजीचा उच्चार चुकीचा आहे असं कृपया सांगू नका. ण च्या जागी न म्हणणारा मोठा मराठी समाज आहे. त्यांच्या बोलीत तो नियमित आहे, तिथे आळशीपणाचा काही संबंध नाही. आमच्याकडे आणि खाली गोव्यात कोंकणीत ए आणि ओ चे मोकळे-मिटलेले असे दोन-दोन प्रकार अर्थ बदलतात. देवनागरीत ते दिसत नाहीत, आयपीएत दिसतात. तो तक्ता मला तेवढ्यासाठी जवळचा वाटतो.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, ते जालावर खुलं आहे. गावोगावच्या लोकांचे आवाज आणि शब्दांचे नकाशे आहेत. ऐकत बसा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 चा, त्यात बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीबोलींतून दिली आहे. त्या सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 या काळात भरलेल्या ग्रामोफोन तबकड्या शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'वर ऐकायला मिळतात. त्याच ठिकाणी मोल्सवर्थचा 1857 चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, सगळे शोधता येतात. एखादा ध्वनी प्राकृतातून मराठीत कसा आला ते बघायचं तर टर्नर हाताशी ठेवावा.

ध्वनिलेख

मालवणीमाणूस, पूर्ण अनुमोदन.

जगाच्या नकाशावर बघायचं असेल तर 'फोइबल' हा स्वनिमांचा संग्रह आहे. 2,186 भाषांच्या 3,020 याद्या आहेत. एकाच भाषेच्या दोन-तीन याद्या सापडतात आणि त्या जुळत नाहीत, त्याने दचकू नका. 'म्ह' हा एक ध्वनी धरायचा की म आणि ह ची जोडी, यावर अभ्यासकांचं एकमत नसतं आणि यादीची लांबी तिथेच बदलते. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या ध्वनिशास्त्र संग्रहात दोनशेहून जास्त भाषांची मूळ ध्वनिमुद्रणं आहेत. ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लाडेफोगेड आणि सहकाऱ्यांचं आयुष्यभराचं काम. वैदेहीताई, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या अनेक भाषांत ळ आहे, वार्लपिरी घ्या. मुलांना सांगा की ते राहतात त्या भूमीचाही हा ध्वनी आहे.

वैदेही_मेलबर्न

हे वर्गात नक्की सांगणार! आता शेवटचा प्रश्न. मुलांना ळ आणि त-ट शिकवायचे तर आधी काय, म्हणवून घेणं की ऐकवणं?

वर्त्स्य

आधी ऐकवणं. वर्कर आणि टीझ यांनी 1984 मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातली तान्ही बाळं सहा-आठ महिन्यांची असताना हिंदीतल्या त आणि ट मधला फरक ओळखतात, आणि वर्षाची होईपर्यंत ती क्षमता ओसरते. तुमच्या मुलांच्या कानावर मराठी पडते आहे, त्यामुळे त्यांचा पाया तयार आहे. मोठेपणीही कान तयार करता येतो. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी r आणि l ओळखायला शिकवताना लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी 1991 मध्ये वेगवेगळ्या माणसांचे आवाज वापरले आणि त्याचा उपयोग झाला. एकट्या शिक्षिकेचा आवाज ऐकला की मूल तिचा आवाज ओळखायला शिकतं, ध्वनी निसटतो.

म्हणून पाच-सहा जणांच्या आवाजात जोड्या जमवा: बाई, बुवा, आजोबा, लहान मूल. ऐकवा आणि फक्त एवढंच विचारा, "वेल की वेळ?" बरोबर-चूक लगेच सांगा. ते जमलं की म्हणवून घ्या. ळ शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही, त्यामुळे तो आ नंतर पकडा: लांब 'आ' म्हणत जिभेचं टोक वर आणि मागे वळवायचं, टाळूला लावायचं, हवा दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायची. 'आऽळ'. तिथून 'बाळ', 'गाळ', मग 'शाळा'.

सह्यकडा

आवाज मी देतो. आमच्याकडे साताऱ्यात आई, मी आणि माझा मुलगा, तीन पिढ्यांचे होतील. यादी टाका, वॅव्हमध्येच पाठवतो.

मालवणीमाणूस

दोन आवाज माझ्याकडून. मालवणीत नको असतील तर प्रमाण मराठीत म्हणू.

वैदेही_मेलबर्न

दोन्हींत म्हणा, मला दोन्ही हवेत. यादी देते, प्रत्येक शब्द तीनदा, मधे थोडं थांबून, नेहमीच्या वेगाने. कृपया पंखा बंद ठेवा.

वेल, वेळ. गाल, गाळ. मूल, मूळ. कल, कळ. ताक, टाक. तप, टप. तोल, टोल. चार (आकडा), चार (गाईला चार). जग (दुनिया), जग (जगणे). मन, मण. माझा, माझी.